कुणाच्या गं या भुवया?

तिचं खरं नाव विचाराल तर तिच्या नवऱ्यालासुद्धा क्षणभर आठवावं लागेल. अख्खा रस्ता तिला दोरेताई म्हणतो. आडनाव दोरे नव्हे हो! सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की रिळाचा पांढरा दोरा जो तिच्या दातात जायचा, तो दुपारी जेवायच्या वेळीच बाहेर यायचा, म्हणून दोरेताई. पुढच्या एका दाताला त्या दोऱ्यानं बारीकशी खाच पडली आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, "भरून देतो." ही म्हणाली, "भरताय कशाला? तिथेच तर दोरा बसतो."

पार्लर म्हटलं की काही लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. त्यांनी एकदा दोरेताईच्या खुर्चीत बसून बघावं. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन पदर दोन्ही हातांच्या बोटांत, मधे एक पीळ, आणि तो पीळ भुवईवरून असा सरसर पळायचा की बाईनं "आई गं" म्हणायला तोंड उघडेपर्यंत एक भुवई होऊन गेलेली असायची. दोन भुवया तंतोतंत जुळवणं म्हणजे गंमत नाही. माणसाचा चेहरा मुळात वाकडा असतो. एक डोळा जरा वर, एक गाल जरा भरलेला. ते वाकडेपण ओळखून भुवया सरळ दिसतील अशा कोरायच्या, हे दोरेताईला जमायचं. दुसऱ्या कुणाला तिच्याइतकं जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

तिची एक पद्धत होती. आधी बाईला हसायला लावायचं, मग रागवायला. "ताई, राग येत नाही हो मला उगाचच्या उगाच," असं कुणी म्हणालं तर ही सांगायची, "नवऱ्यानं ओला टॉवेल गादीवर टाकलाय असं समजा." झालं! भुवया लगेच हव्या तिथे यायच्या. त्या कुठे चढतात, कुठे आखडतात हे ती दोन बोटांनी चाचपून घ्यायची आणि मग दोरा तोंडात धरायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर आरसा, त्याच्यापुढे दोन खुर्च्या, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. त्याचा नळ गरम पाणी द्यायच्या आधी म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा. एक खुर्ची दोरेताईची आणि दुसरी धाकटीची. धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. केस कापणं, रंगवणं, धुणं, वाळवणं हे सगळं धाकटीकडे, आणि चेहऱ्याचं काम दोरेताईकडे. दोन जावा एका चुलीवर नांदत नाहीत असं लोक म्हणतात. या दोघी एका आरशासमोर वर्षानुवर्षं नांदल्या. दुकानाची कल्पना मूळ धाकटीचीच. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत तिनं ती अडगळीची खोली रिकामी करून, रंग देऊन, खुर्च्या आणून उभी केली. वर दुकानाची पाटीही तीच होती म्हणा ना! दोरेताईनं कोरलेल्या तिच्या भुवया अशा बारीक आणि कमानदार की नवी बाई आली की तिच्याकडेच बोट दाखवायची. "यांच्यासारख्या करा."

रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, घड्याळवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काचेची खिडकी आणि तिच्यामागे बसलेला माणूस. त्याच्या भुवया जुळलेल्या होत्या, आणि जुळलेल्या म्हणजे किती? कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दाट रेघ. घड्याळ उघडलं की तो एका डोळ्यात भिंग बसवायचा, आणि त्या रेघेचं एक टोक टुणकन वर जायचं. शाळेतून येणारी पोरं खिडकीसमोर थांबून कपाळावर बोट आडवं धरून त्याला दाखवायची. तो रागवायचा नाही. उलट ती रेघ उडवून त्यांना हसवायचा. मोठा गोड माणूस. दोन वर्षांपूर्वी असाच कामावर बसल्या बसल्या गेला. तेव्हापासून खिडकी बंद आहे. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि एकुलती एक मुलगी कॉलेजात जायला लागली.

ही मुलगी एक दिवस दोरेताईच्या खुर्चीत येऊन बसली. "ताई, मधला पूल पाडा," म्हणाली. "सगळे चिडवतात."

"आईला विचारलंस?"

"आई म्हणाली, जा. संध्याकाळी ती येईल मला न्यायला."

दोरेताईनं पोरीला हसवलं, रागवायला लावलं, पावडर लावली आणि दोरा धरला. मधला पूल गेला. वरची दाटी गेली, खालची गेली, कमान आली. पोर दिसायला मुळातच छान, आता तर बघत राहावी अशी झाली. धाकटीनंसुद्धा कैची थांबवून "वा!" म्हटलं. पोरीच्या हातात आरसा देताना दोरेताई स्वतःवर खूश होती, आणि का नसावं? हाताला यश आलं की माणूस खूश होणारच.

संध्याकाळी आई आली. दारातच थांबली. पोरीनं चेहरा वर करून "कशी दिसते?" विचारलं. आई म्हणाली, "छान. फार छान." मग तिनं अंगठा पोरीच्या दोन भुवयांच्या मधे टेकवला आणि तिथे जरा फिरवला. पैसे दिले. "तू हो पुढे, मी दूध घेऊन येते," असं पोरीला सांगितलं आणि रस्ता ओलांडून, नवऱ्याच्या बंद खिडकीखालच्या पायरीवर जाऊन बसली.

दोरेताईच्या हातात तेव्हा दुसऱ्या बाईचा चेहरा होता. क्रीम तसंच ठेवून ती उठली आणि पलीकडे गेली.

"वहिनी, काही चुकलं का माझं?"

"नाही हो, ताई. पोरीला शोभतंय." ती पदराशी चाळा करत बसली होती. "तेवढंच उरलं होतं त्यांचं, एवढंच."

दोरेताईला क्षणभर कळेना. मग तिची नजर वरच्या बंद खिडकीकडे गेली.

"फोटो आहेत घरात," ती बाई म्हणाली, "पण फोटोतला माणूस भुवई उडवत नाही ना. ही चिडली की अगदी तशीच उडवायची. खोटं कशाला सांगू, मी मुद्दाम चिडवायचे तिला. तेवढ्यापुरते ते घरात आहेत असं वाटायचं. जाऊ द्या. केसच ते, वाढतील परत. तुमची काही चूक नाही."

चूक नाही म्हणे! दोरेताई परत आली आणि बेसिनवर हात धूत उभी राहिली. नळ खाकरला, गरम पाणी आलं, वाहून गेलं, तरी ती उभीच. इतकी वर्षं त्या माणसाच्या समोर बसून काम केलं. रोज सकाळी त्याची ती रेघ पाहिली. आणि तीच रेघ पोरीच्या कपाळावर घेऊन खुर्चीत बसली तेव्हा हिला ओळखू येऊ नये? जिच्या भुवया पारखण्याचे लोक दाखले देतात तिला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! तिनं त्यात नको असलेले केस पाहिले, कमान पाहिली, वाकडेपण पाहिलं. त्या भुवया कुणाच्या आहेत हे तेवढं पाहिलं नाही.

त्या दिवसापासून तिचं मन भुवयांवरून उडालं.

मन उडणं फार वाईट. हात चांगला असतो, डोळे चांगले असतात, गिऱ्हाईक दारात असतं, आणि आतून मात्र कुणी पाय ओढत असतं. फेशियल करायला घेतलं की दोरेताई पूर्वीसारखी गुणगुणायची. बायकांच्या गालांवरून हात फिरवताना जगभरच्या गप्पा मारायची. कुणी "भुवया" म्हटलं की चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा. मग बहाणे. आज डोळे चुरचुरतायत, उद्या या. आज दोरा चांगला नाही. "अहो, तुमच्या आहेत त्याच किती छान आहेत!" असं आपल्या दुकानात बसून गिऱ्हाईकाला सांगणारी बाई तुम्ही पाहिलीय कुठे? धाकटी आरशातून तिच्याकडे बघायची आणि कपाळाला हात लावायची.

पुढे तर कहरच झाला. दोरेताईनं नवीनच पद्धत काढली. हसवणं, रागवायला लावणं झालं की दोरा धरायच्या आधी ती विचारायला लागली, "कुणाच्या हो या भुवया?"

बँकेतल्या बाईंना पहिल्यांदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याच! आता दुसऱ्या कुणाच्या घेऊन येऊ?"

"तसं नव्हे. घरात कुणाच्या आहेत अशा? आईच्या? आजोबांच्या?"

बाईंनी डोळे मिटूनच जरा विचार केला. मग एकदम उठून बसल्या. "आत्याच्या! माझ्या आईला जन्मभर छळलं त्या आत्याच्या! काढा, ताई, समूळ काढा!" दोरेताई इतकी हसली की दोरा तोंडातून सुटला. त्या भुवया तिनं बऱ्याच दिवसांनी अगदी मनापासून केल्या.

पण सगळ्यांच्याच घरात अशी आत्या नसते. शिवणक्लास घेणाऱ्या बाई "दादाच्या" एवढंच म्हणाल्या. त्यांचं आणि दादाचं किती वर्षांत बोलणं नाही हे रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कपाळावरची पावडरही न पुसता निघून गेल्या. एक म्हणाली, राहू देत थोड्या. एक रडली. एकीनं आपल्या आजीची सगळी कहाणी सांगितली, आणि ती संपेपर्यंत बाकावर बसलेल्या तिघी उठून गेल्या. नाक्यावर नुकतंच एक नवं पार्लर उघडलं होतं. काचेचं दार, आत थंडगार हवा, आणि "तुमच्या भुवया कुणाच्या" असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं. बायका तिकडे जायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं? दोन मिनिटांच्या कामासाठी आलेल्या बाईला तुम्ही घरचं दुःख उकरायला लावलंत तर ती परत कशाला येईल?

एके दिवशी दुपारी, मागच्या खोलीत ताटं वाढून दोघी जेवायला बसल्या असताना धाकटीचा बांध फुटला.

"ताई, गिऱ्हाईक भुवया करायला येतं. वंशावळ सांगायला नाही!"

"कळतं मला."

"कळतं तर मग विचारतेस कशाला?"

"विचारल्याशिवाय हात उठत नाही गं."

"मग नको विचारूस आणि नको उठवूस! एक मुलगी ठेवू आपण कामाला."

"ठेव," दोरेताई म्हणाली. "नाहीतर बंदच करू. पुढच्या महिन्यापासून भुवया बंद. माझं मनच लागत नाही त्यात."

धाकटीनं हातातला घास ताटात परत ठेवला. "बंद? बाई दारात येते ती भुवयांसाठी. मग बसल्या बसल्या केस कापते, रंगवते. भुवया बंद म्हणजे माझी खुर्चीसुद्धा बंद. तुझं काय जातं, ताई? तुला रुसून जायला माहेर आहे. आई आहे, भाऊ आहेत, चार दिवस जाऊन राहशील. मला काय आहे? मला ही खोली आहे. उद्या याचं शटर पडलं तर मी रुसून जाऊ कुठे?"

धाकटीची आई ती रांगत असतानाच गेली, आणि पोर आज मामाकडे, उद्या काकाकडे अशी वाढली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ती स्वतः त्यावर कधी चकार शब्द बोलत नसे. हसरी, चटपटीत, नाकावर माशी बसू न देणारी बाई. लग्नाच्या वर्षभरात अडगळीची खोली हिनं कशासाठी रिकामी केली हे दोरेताईला त्या दिवशी, त्या वाढलेल्या ताटांसमोर कळलं.

मग अबोला सुरू झाला. आता दोन खुर्च्यांच्या दुकानात अबोला धरायचा म्हणजे काय हाल! धाकटी आपल्या खुर्चीतल्या गिऱ्हाईकाला सांगायची, "त्यांना सांगा, टॉवेल संपलेत." दोरेताई आपल्या गिऱ्हाईकाला, "त्यांना म्हणावं, दोरीवर वाळतायत." गिऱ्हाइकं बिचारी टपालखात्यासारखी निरोप इकडून तिकडे पोचवायची. एकदोघींना त्याची मजासुद्धा वाटायला लागली होती. दोरेताईला मात्र वाटत नव्हती. तिला एकच दिसत होतं, की भुवया सोडल्या तर धाकटीचं दुकान जातं, आणि धरल्या तर आपल्याच हाताची आपल्याला शिसारी येते. भुवया बंद करायचं तिनं अजून पक्कं केलं नव्हतं, पण हातात घेतलेला दोरा ती पुन्हा रिळाला गुंडाळून ठेवायची.

अशात घड्याळवाल्याची मुलगी परत आली. भुवया पुन्हा दाटल्या होत्या, आणि मधला पूल होता तसा उभा राहिला होता.

"ताई, पाडा."

दोरेताईनं दोरा उचलला नाही. "बाळा, कुणाच्या या भुवया, माहितीये का तुला?"

मुलगी आरशाकडे वळली. "बाबांच्या," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं मला माहीत नाही? मला कुणी चिडवत नाही, ताई. ते मी उगाच सांगितलं. सकाळी दात घासायला उभी राहते ना, तर आरशात बाबा असतात. रोज. मला कॉलेजची घाई असते, आणि मी तोंडात फेस घेऊन रडत उभी राहते. मला नाही सहन होत ते." मग घाईघाईनं म्हणाली, "आईला सांगू नका. तिला आवडायच्या त्या."

शेजारच्या खुर्चीत धाकटीची कैची चालायची थांबली होती.

त्या माउलीला ज्या रेघेत नवरा दिसत होता, त्याच रेघेत लेकीला बाप दिसत होता. एकीला तो हवाहवासा आणि दुसरीला बघवत नाही असा. यात चूक कुणाची म्हणायची? तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पाडते," ती म्हणाली. "पण सगळा?"

मुलीनं विचार केला. "थोडे केस ठेवा मधे. एकदोन. जवळून बघितलं तरच दिसतील एवढे. आईपुरते."

अशी मागणी दोरेताईकडे उभ्या आयुष्यात कुणी केली नव्हती. पण तिनं ती पुरी केली, आणि ती कशी केली हे बघायला हवं होतं. मधली सगळी दाटी काढून तिनं नेमके तेवढेच बारीक केस मागे ठेवले. लांबून पाहिलं तर कपाळ स्वच्छ, आणि कुणी मायेनं अगदी जवळ तोंड नेलं तर तिथे काहीतरी आहे. "आणि भुवई उडवायची ती उडवत जा," तिनं पोरीला सांगितलं. "ते काही दोऱ्यानं जात नाही." पोर रडत रडत हसली, आणि एक भुवई वर गेली. दोरेताईनं चटकन तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी धाकटी येऊन दोरेताईच्या खुर्चीत बसली. तिच्या भुवयांची वेळ झाली होती. अबोला असला म्हणून पाटी खराब ठेवून चालतं थोडंच! तिनं डोळे मिटले. दोरेताईनं पावडर लावली, दोरा दातात धरला आणि वाकली.

धाकटीनं डोळे उघडले. "अख्ख्या जगाला विचारतेस. मला नाही विचारलंस?"

दोरेताईनं दोरा तोंडातून काढला. "तुला काय विचारू गं?"

"विचार."

"कुणाच्या गं या भुवया?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आईचा फोटो नाही. एक होता म्हणतात, तो कुणाच्या तरी घरून कुणाच्या तरी घरी जाताना हरवला. मावशी म्हणायची, पोरीचा रंग बापाचा, पण भुवया आईच्या, जशाच्या तशा उचलून ठेवल्यात. तेव्हा मी एवढीशी. आरशात बघायचं कुणाला सुचतं? पुढे जरा मोठी झाले तर काकूच्या मुलींनी मला पार्लरमधे नेलं. नंतर इथे आले, तुझ्याकडे. ताई, मी माझ्या भुवया पाहिलेल्याच नाहीत. काल त्या पोरीचं ऐकलं आणि मला झोपच नाही. ती रोज बापाला बघते म्हणून रडते. मला आई एकदा बघायला मिळाली असती, आणि तिलाच मी दर महिन्याला उपटून टाकत आले."

दोरेताई दुसऱ्या खुर्चीत बसली. उपटून टाकत कोण आलं होतं? दोरेताईच!

"मग वाढव," ती शेवटी म्हणाली.

"वाढवते. आणि तू सोड ते काम. मन नाही तर नको करूस. दुकानाचं बघू आपण. मी केस कापीन, तू चेहरे कर. उपाशी नाही मरत. मी त्या दिवशी बोलले ते रागात बोलले. तू नसलीस तर ही खोली घेऊन मी काय करू?"

असा अबोला संपला. आणि त्या दोघींना जे ठाऊक होतं ते दोघींपैकी कुणीच बोललं नाही. वर्षानुवर्षं मुळातून उपटलेले केस परत येतातच असं नाही. मुळं थकतात, मग मरतात. एकदा गेलेली भुवई मग कुठल्याही क्रीमनं उगवत नाही. धाकटीच्या आईचा जगात दुसरा काही पुरावा नव्हता. ती होती तर त्या कातडीखाली होती, नाहीतर नव्हती.

रोज संध्याकाळी शटर पाडायच्या आधी दोरेताई बोटाला एरंडेल लावून तिच्या भुवयांवर चोळायची. आधी खुंट आले, मग वेडेवाकडे ठिपके. बायकांना तर आयतंच मिळालं. "काय गं, पाटीवर गवत उगवलंय!" धाकटी म्हणायची, "उगवू दे. तुझी गाय सोड चरायला!" दुकानातल्या दरपत्रकावरून भुवयांची ओळ पुसली गेली. गिऱ्हाईक कमी झालं, ते काही लपवण्यासारखं नाही. काही जणी काचेच्या दाराकडे गेल्या त्या गेल्याच. पण धाकटीचा केसांवरचा हात चांगला, दोरेताईचा चेहऱ्यावरचा हात चांगला, आणि दोघींच्या जिभा त्याहून चांगल्या. उरलेल्या बायका पुरेशा होत्या. दोरेताई पुन्हा सकाळपासून गुणगुणायला लागली. फक्त संध्याकाळी, ते तेल लावताना, ती गप्प असायची. बोटाखाली काय लागतंय आणि काय लागत नाही हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

डावी भुवई आली. भरगच्च आली. उजवी मात्र नाकाजवळ निम्मी येऊन थांबली. पुढे नुसती गुळगुळीत कातडी. दोरेताईनं आणखी वाट पाहिली, तेल बदललं, रोज भिंग लावून पाहिलं. काही नाही. मग एका सकाळी तिनं धाकटीला खुर्चीत बसवलं, त्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवलं आणि रडायला लागली. "ही मी मारली गं. माझ्या हातानं मारली. नाही येत आता."

धाकटीनं तिचा हात धरला. "एक आली ना? मग रडतेस काय, वेडे! एकीवरून दुसरी जुळवायची हेच तर तुझं काम. पेन्सिल घे आणि काढ."

दोरेताईनं डोळे पुसले. पेन्सिलीला बारीक टोक केलं. डाव्या भुवईसमोर तोंड नेऊन ती एकेक केस बघायला लागली: कुठे आडवा पडतो, कुठे वर वळतो, कुठे दाटी होते. मग तो उजवीकडे काढायचा. घाई नाही. ही भुवई काही तिनं कोरलेली कमान नव्हती. जाड होती, सरळ होती, डोळ्यावर खाली उतरलेली होती, आणि शेवटाला कानाकडे किंचित झुकत होती. सुंदर वगैरे काही नव्हती. तिच्या कुठल्याही जुन्या गिऱ्हाईकानं ती बघून "हे आधी काढा" म्हटलं असतं. दोरेताई मात्र ती अशी काढत होती की एक रेघ जास्त नको, एक कमी नको. इतकं जिवापाड काम तिनं आयुष्यात दुसरं केलं नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगते.

"झालं," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

धाकटी आरशाकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर वाजवलं, "अहो, उघडताय ना?"

"ताई," धाकटी म्हणाली, "ही तापट होती गं."

दोरेताईनं आरशात पाहिलं. "होती खरी. दिसतंच आहे की."

"मला रागावली असती. बारीकसारीक गोष्टींवरून. केस विंचरले नाहीत, डबा न खाता परत आणलास, उशिरा आलीस."

"चांगली फैलावर घेतली असती तुला."

"मला सगळे मायेनं वागवायचे, ताई. मामा, काका, सगळे. बिनआईची पोर म्हणून कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही मला." त्या जाड, सरळ भुवयांखाली तिचे डोळे काठोकाठ भरले होते आणि तोंडभर हसू होतं. बाहेरच्या बाईनं पुन्हा शटर वाजवलं. दोरेताई उठायला लागली तशी धाकटीनं तिचा हात घट्ट धरून तिला खाली बसवलं.

"नको उघडूस एवढ्यात," ती म्हणाली. "मला अजून पुष्कळ बोलणी खायची आहेत."